रोजच्या फोनवर बीटा नको



मुदखेडचा फुलशेतकरी आज फुलांचा भाव फोनवर विचारतो…
पैसेही फोनवरच घेतो.
अशा रोजच्या फोनवर अँड्रॉइडची ‘बीटा’ आवृत्ती टाकू नका.

बीटा म्हणजे अजून तपासणीत असलेली आवृत्ती.
ती चुका शोधण्यासाठीच काढलेली असते.
तिच्यावर बँकेचं ॲप अडू शकतं.
बॅटरी भराभर उतरू शकते.

आणि परतीची वाट फार महाग पडते, मंडळी.
अँड्रॉइडच्या बीटातून मधूनच बाहेर पडलात…
तर सहसा फोनमधलं सगळं पुसलं जातं.
लेकरांचे फोटो… उधारीचा हिशेब… सगळं.

हौस असेल, तर जुन्या, रिकाम्या फोनवर करून बघा.
रोजच्या फोनवर मात्र बीटा नको.

आधीच टाकली असेल?
मग आजच फोटो आणि हिशेबाची प्रत दुसरीकडे ठेवा.
पक्की आवृत्ती फोनवर आली, की मगच बाहेर पडा.