घरातल्या वाचनाचाही जीर्णोद्धार व्हावा

(कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



आज आपल्या ग्रामदैवताच्या मंदिरावर कळस चढला. कुणी रोख रक्कम दिली, कुणी सिमेंट-वाळूच्या खेपा टाकल्या, ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी डोक्यावर घमेली वाहिली. त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत आहेतच. मंदिर कसे झाले हे मी सांगण्याची गरज नाही, ते आपल्या डोळ्यांसमोर उभे आहे. मला आज एकच प्रश्न आपणा सर्वांपुढे ठेवावयाचा आहे. या नव्या सभामंडपात आणखी वीस वर्षांनी पोथी कोण वाचणार?

सप्ताहात पारायणाला बसणाऱ्यांकडे एकदा पाहावे. बहुतेक डोकी पांढरी दिसतील. नातवंडे मांडवात असतात, नाही असे नाही. परंतु ती कडेला घोळक्याने एका मोबाईलवर वाकलेली असतात. मुले शाळेत जातात, त्यांना अक्षरओळख आहे. पण चार ओळींचे वाक्य आले की त्यांची दमछाक होते. हे एकट्या आपल्या गावचे दुखणे नव्हे. २०२४ सालच्या ‘असर’ या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उताराही नीट वाचता आला नाही. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना मात्र स्मार्टफोन उत्तम चालवता येतो. शंभरातल्या ब्याऐंशी मुलांना तो येतो, असे त्याच पाहणीत दिसले. म्हणजे बुद्धी कमी नाही. ती कोठे खर्ची पडते, हा प्रश्न आहे.

देऊळ आणि ग्रंथ यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, देवळातल्या खांबाला टेकून सांगितली गेली, अशी आपली परंपरा सांगते. माउली सांगत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते आणि समोर श्रोते बसले होते. पुढे तीनशे वर्षांत नकला करता करता त्या ग्रंथात चुका आणि भर शिरली. तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. माझ्या मते तोही एक जीर्णोद्धारच होता. दगडांचा जीर्णोद्धार आपण केला. आता घरातल्या वाचनाचा करावयाचा आहे, आणि त्याला वर्गणीही लागत नाही.

त्याची सुरुवात कोठून करावयाची? ‘मोबाईल ठेव आणि पुस्तक घे’ असे मुलाला ओरडून सांगण्यापासून मुळीच नाही. सांगणाऱ्याच्याच हातात मोबाईल असतो! मूल आपले ऐकत नाही, आपल्याला पाहते. पूर्वी आजोबा ओसरीवर पोथी उघडून बसत आणि नातू शेजारी बसून त्यांचे बोट कोणत्या ओळीवर आहे ते पाहत असे. त्याला वाचनाची सवय लावावी असे कुणाच्या मनातही नव्हते. घरात वाचन चालू होते, म्हणून ती लागली. आज ओसरीवर दूरदर्शन संच आहे आणि प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. मग मुलाने पाहावे तरी काय?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथल्या ग्रामस्थांनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत एक निश्चय केला. संध्याकाळी सात वाजता देवळातला भोंगा वाजावा, त्यासरशी घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद व्हावेत, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, वाचावे, घरच्यांनी एकमेकांशी बोलावे. यातली खुबी भोंग्यात नाही, तर नियम सर्वांना सारखा होता यात आहे. एकट्या मुलाचा मोबाईल काढून घेतला तर त्याला ती शिक्षा वाटते. आजी, आई, बाप, शेजारी असे सगळेच थांबले, तर तो घराचा रिवाज होतो. देवळात शिरताना चपला बाहेर काढा असे आपल्याला कुणी दरडावून सांगत नाही. सगळेच काढतात म्हणून लहान मूलही काढते.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. सांज-आरती झाल्यावर एक तास, तो न जमल्यास अर्धा तास, घरातले सगळे मोबाईल देवघराशेजारच्या फळीवर ठेवावेत. त्या वेळात कुणीतरी मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. काय वाचावे, असे विचाराल तर साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक एकेका रात्रीला एकेक गोष्ट असे रचलेले आहे. रोज रात्री एक वाचली, तर महिना-दीड महिना सरेल. मुलाला विनोदाचे, भुताचे, क्रिकेटचे पुस्तक हवे असेल तर तेही आनंदाने द्या. आधी गोडी लागू द्या, निवड मागाहून सुधारते. आणि कृपा करून वाचून झाल्यावर ‘काय समजले ते सांग’ म्हणून परीक्षा घेऊ नका. प्रसाद खाल्ल्यावर कुणी त्याचा हिशेब विचारीत नाही!

ज्या घरी आजी निरक्षर आहे, तिथे तर फारच उत्तम. नातवाने आजीला वाचून दाखवावे. ज्याचे ऐकणारे कुणी आहे, तो अडखळत का होईना, पुढे वाचतो. अडलेल्या जुन्या शब्दाचा अर्थ आजी सांगेल. त्यात दोघांचाही फायदा आहे.

मोबाईल हा राक्षस आहे, असे मी म्हणत नाही. परगावी असलेल्या मुलांचे तोंड आपल्याला त्यातच दिसते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचावयास मिळतात. तेव्हा नीट वापरला तर तोही ग्रंथ होईल. मात्र अगदी लहानग्यांना त्यापासून जपावे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. घास भरविताना बाळापुढे मोबाईल धरणाऱ्या माउलींनी हे ध्यानात घ्यावे. त्याऐवजी चिऊ-काऊची गोष्ट सांगावी. वाचनाची पहिली पायरी ऐकणे हीच आहे.

शेवटी समितीला आणि देणगीदारांना एक विनंती. सभामंडपाच्या पूर्वेच्या भिंतीशी एक कपाट बसेल एवढी जागा आहे. तेथे मुलांच्या पुस्तकांचे कपाट असावे. त्याला शक्यतो कुलूप नको. एक वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल पुरे. नेलेल्या पुस्तकाची नोंद मुलांनी स्वतः करावी. दोन-चार पुस्तके हरवतील, फाटतील. फाटलेले पुस्तक कुणीतरी वाचले, असे समजावे. नवस फेडावयास येणाऱ्या भाविकांनी हार-नारळाबरोबर मुलांचे एखादे पुस्तक ठेवले, तर वर्षाकाठी कपाट भरेल. महाबळेश्वरजवळचे भिलार हे खेडे २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेव्हा घराघरांत आणि देवळातही पुस्तके मांडली गेली. आपल्याला एवढे मोठे काही करावयाचे नाही. एक कपाट आणि प्रत्येक घरी अर्धा तास, इतकेच.

आपण बांधलेले हे मंदिर पुढच्या पिढ्या पाहतील. त्यांना इथल्या भिंतीवरचा शिलालेख वाचता यावा, देणगीदारांच्या यादीत आपल्या पणजोबांचे नाव शोधता यावे, आणि पारायणाच्या वेळी व्यासपीठावर याच गावचे पोर बसलेले असावे, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करतो. 

जय हरी.