शाळेच्या वर्गात कलावंत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, कुडाळ तालुक्यातील शाळांतून आयुष्य काढलेले शिक्षक. विद्वत्तेचा दावा आम्ही करणार नाही. ज्या विषयात आमच्या हातून चूक घडली, त्या चित्रकलेच्या तासाविषयीच बोलणे बरे.

हा तास वेळापत्रकात असे, वर्गात क्वचितच असे. गणित मागे पडले की चित्रकलेचा तास घ्यावा, हा सर्वमान्य शिरस्ता होता, आणि आम्हीही तो किती वेळा गिळंकृत केला याची गणती नाही. उरलेल्या तासांना फळ्यावर आंबा काढावा आणि मुलांनी तो वहीत उतरवावा. खिडकीबाहेर कलमे मोहोरलेली असताना मुले आमचा खडूचा आंबा पाहून आंबा काढीत. पण त्याचे त्या वेळी आम्हांस हसूही आले नाही!

आपल्या तालुक्यातील पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथीचे गाव. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगविलेल्या चित्रांची पोथी. एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरावे आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने त्यातील रामायण-महाभारताचा प्रसंग गाऊन सांगावा, अशी ही परंपरा आहे. १९९६ साली अशा एका वृद्ध कलावंतास आम्ही वर्गात बोलाविले. प्रथम त्यांनी आख्यान लावले. नंतर कुंचला हाती घेऊन, एकदाही न उचलता, घोड्याची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत एका रेघेत ओढली. चाळीस मुले श्वास रोखून पाहत होती. मग मुलांनी रेघा ओढल्या. एका मुलाची रेघ मध्येच मोडली, तो खोडरबर शोधू लागला. तेव्हा ते म्हणाले, "रबर कशाला हवा? मोडली तिथूनच पुढे चल." एवढी गोष्ट आम्हांस वीस वर्षांच्या नोकरीत सांगता आली नव्हती. निरोप देताना शाळेने शाल व श्रीफळ दिले. ते हसून म्हणाले, "गुरुजी, नारळ आमच्या दारातही पडतात." आम्हीही हसलो. त्यातला अर्थ फार उशिरा ध्यानी आला.

पुढल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा यावयाचे ठरले होते. मध्यंतरी एक पालक शाळेत आले. ते आपल्याच ज्ञातीचे होते व आज हयात नाहीत, म्हणून अधिक बोलत नाही. दारोदार गाऊन मागणाऱ्यांची विद्या आमच्या मुलांस शिकविता काय, असा त्यांचा प्रश्न होता. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही जमिनीकडे पाहिले. बेत रद्द झाला, आणि तसा निरोप पाठविण्याचेही धैर्य आम्हांस झाले नाही. ठरल्या दिवशी ते पोथी घेऊन दोन कोस चालत आले. आत अपूर्णांक चालले होते. ते ओसरीवर बसून राहिले. आम्ही बाहेर गेलो नाही. घंटा झाल्यावर पाहिले, तो ओसरी रिकामी होती.

आज दिवस पालटले आहेत. डहाणूकडील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. २०२१ साली पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांस ती मिळाली, तेव्हा आपल्या ज्ञातीतही पेढे वाटले गेले. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ साली दिल्लीत सुरू केलेली स्पिक मॅके ही संस्था थोर गायक-वादकांस शाळा-महाविद्यालयांत नेत आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ शिकावे, असे सुचविले आहे. धोरण उत्तम आहे. पण धोरण काही पिंगुळीस जाऊन आमंत्रण देत नाही.

शिवाय कलावंतास स्नेहसंमेलनापुरता बोलावून उपयोग नाही. एका दिवसात मुले टाळ्या वाजविण्यास शिकतात. हात वळण्यास त्याच वर्गात त्यांनी चार-पाच वेळा तरी यावयास हवे. वर्गशिक्षकाने त्या वेळी कचेरीत हजेरीपटक भरीत न बसता मुलांबरोबर स्वतः कुंचला धरावा. कलावंताचे मानधन व जाण्यायेण्याचा खर्च आधी ठरवून त्याच दिवशी हाती द्यावा. शाल खुशाल द्यावी, पण मागाहून. आपल्याकडे एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांची श्रेणी दहावीच्या गुणांत भर घालते म्हणून पालक मुलांस चित्रकलेस बसवितात. तेवढ्याचसाठी हे करावयाचे असेल तर न केलेले बरे.

आपले मंडळ दरवर्षी सत्कारात स्मृतिचिन्हे वाटते. आमच्या घरी तशी अकरा आहेत, त्यांवरील धूळ सौभाग्यवती पुसते. यंदा तो खर्च वाचवून एका शाळेत एका कलावंताच्या चार फेऱ्या कराव्यात, अशी आमची सूचना आहे. पहिल्या फेरीचे मानधन आम्ही निवृत्तिवेतनातून आज चिटणीसांकडे दिले आहे. पिंगुळीस जाण्यासाठी दोन तरुण हवेत. सभा संपल्यावर आम्ही दाराशीच थांबलो आहोत.