मिठाचा व्यापारी आणि मराठीचा इतिहास



इतिहासावर ठसा उमटविणाऱ्या ग्रंथकारांचा विषय निघाला की रूसो, मार्क्स, टॉलस्टॉय ही नावे सहज ओठांवर येतात. परंतु याच टेंभी नाक्यापासून थोड्या अंतरावर ज्यांनी ग्रंथालय उभारले आणि मराठी वाङ्मयाला त्याचा इतिहास लिहून दिला, त्या विनायक लक्ष्मण भावे यांचे स्मरण ठाण्यातदेखील क्वचितच होते.

भावे यांचा जन्म 1871 चा. विज्ञानाचे पदवीधर असूनही त्यांनी मिठाचा व्यवसाय पत्करला. पेढीवर बसणारा मनुष्य फार तर ग्रंथासाठी देणगी देईल, तो लिहील कशाला, असा समज आजही आहे. भावे हे त्यावरचे उत्तर होय. वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, 1 जून 1893 रोजी, सहकाऱ्यांसमवेत त्यांनी येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. इंग्रजी पुस्तकांना मान असलेल्या त्या काळी केवळ मराठी ग्रंथ जमविणे हे धाडसच होते.

पुढे विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या 'ग्रंथमाले'त त्यांचे 'महाराष्ट्र सारस्वत' प्रसिद्ध झाले. परंतु त्या वेळी मराठीच्या प्राचीन भांडाराची एक मोठी कोठडी बंदच होती. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून मठांमध्ये जतन केले होते. एका अक्षराच्या जागी दुसरे, त्यामुळे पोथी हाती येऊनही बाहेरच्यास वाचता येत नसे. त्या लिपीची उकल इतिहासाचार्य राजवाडे यांनी केली, आणि तेराव्या शतकातील, ज्ञानेश्वरीच्याही आधीचे 'लीळाचरित्रा'सारखे गद्य अस्तित्वात असल्याचे अभ्यासकांपुढे आले.

एकदा मांडलेला ताळेबंद पुन्हा उघडून दुरुस्त करणे किती जड जाते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको! भावे यांनी ते केले. 1919 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी महानुभाव वाङ्मयास त्याचे स्थान दिले, आणि शतकानुशतके परके मानल्या गेलेल्या एका पंथाचे लेखन सर्व मराठी भाषकांची ठेव ठरले.

1926 साली भावे निवर्तले. पुढे संशोधनाची भर इतकी पडली की त्यांच्या ग्रंथाला डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी विस्तृत पुरवणी जोडली.