अंधाऱ्या खोलीतली मैफल

मैफल सोडून दिलेल्या कलावंताबद्दल आपण हळहळतो. 'हात चांगला होता, पण सोडलं त्यानं,' असं म्हणतो. त्या सोडलेल्या कलेचं पुढं काय होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. श्रोतेहो, अमेरिकेचे निसर्ग-छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्याकडे पाहिलं की मला हा प्रश्न पडतो.

१९०२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या या मुलाचं शाळेत मन रमेना. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो पियानोकडे वळला. मैफलीचा वादक व्हायचं, हे ठरून गेलं. १९१६ साली आईवडिलांबरोबर योसेमिटीच्या दरीत गेला आणि हाती एक साधा बॉक्स कॅमेरा आला. पुढं दर उन्हाळ्यात डोंगर बोलावू लागले. दरीतल्या एका चित्रकाराकडे पियानो होता. तिथं रियाज चाले. १९३० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा निवडला. कॅमेऱ्यातून माणसाचा आत्मा कसा व्यक्त होणार, अशी घरच्यांची तक्रार होती. कॅमेऱ्यातून नसेल, पण तो धरणाऱ्यातून होईल, असं त्यांचं उत्तर होतं.

पियानो बंद झाला, पण कान गेला नाही. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत छटांच्या अकरा पायऱ्या मोजायची पद्धत त्यांनी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर बसवली. स्वर जागच्या जागी लागावा, तशी छटा लागली पाहिजे. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि छपाई म्हणजे तिचं वादन, असं ते सांगत.

१९४१ च्या १ नोव्हेंबरला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून ते चालले होते. चंद्र वर आला होता आणि मावळतीचं ऊन कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलं होतं. प्रकाशमापक सापडेना. चंद्राचा उजेड किती, हे पाठ होतं. त्यावरून हिशेब करून त्यांनी एक चित्र घेतलं. दुसरं घेईपर्यंत ऊन गेलं होतं. त्या एका निगेटिव्हवरून पुढं कित्येक वर्षं, हजाराहून अधिक प्रती त्यांनी स्वतः छापल्या. सुरुवातीच्या प्रतींत आभाळात फिकट ढग दिसतात. वय वाढत गेलं, तसं आभाळ काळंभोर होत गेलं आणि चंद्र एकटा उरला.

मुशायऱ्यात वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. गझल कागदावर एकदाच उतरते. पण विशीत ज्या शब्दावर आवाज चढतो, पन्नाशीत त्याच शब्दाशी थांबावंसं वाटतं. शब्द तेच असतात, त्यांच्यामागचं आयुष्य वाढलेलं असतं.

ॲडम्स १९८४ साली गेले. संग्रहालयांतून त्यांच्या प्रती आजही टांगलेल्या असतात. संधी मिळाली तर एकाच चित्राच्या दोन काळांतल्या प्रती शेजारी ठेवून पाहा. न झालेल्या मैफलीचा वादक तिथं वाजवताना भेटेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)