धनुष-तकली

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं चरखा चालविला असेल, त्यांना चाक मोडल्याचा वैताग ठाऊकच आहे. १९२९ सालीं चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं लाख रुपयांचें बक्षीस लावलें. किंमत दीडशेच्या आंत हवी, ही एक अट. तें कोणालाच मिळालें नाहीं.

पुढें वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत गांधीजींच्या परिवारांतले पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद यांनीं चाकच काढून टाकलें! बांबूची कामठी वांकवून धनुष्य करावयाचें. त्याची ताणलेली दोरी चातीवर घासून ओढली कीं चाती गरगर फिरते. दुसऱ्या हातांत पेळू. चरखा मोडला तर खेडुतानें सुताराची वाट पाहावी आणि तोंवर मजुरी बुडवावी. धनुष्य मोडलें तर बांधावरचा बांबू तोडावा. चाती तेवढी सरळ हवी. ती वांकली कीं धागा तुटलाच.