आधी पत, मग यंत्र



टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र म्हणजे कन्सोल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या नातवंडांनी ते घरात आणलं असेल. नवं, जास्त ताकदीचं कन्सोल बाजारात आलं, तरी त्यासाठी खेळ बनवणाऱ्या कंपन्या लगेच पुढे येत नाहीत. का, ते आज पाहू.

कारण हिशेबाचं. खेळ बनवायचा म्हणजे माणसं गुंतवायची, नवं यंत्र शिकायचं आणि विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे कन्सोलवाल्याला वाटा द्यायचा. गिऱ्हाईक खेळ पाहून यंत्र घेतं आणि खेळवाला गिऱ्हाईक पाहून खेळ करतो. हा पेच नुसत्या ताकदीने सुटत नाही, तो पत असेल तरच सुटतो. सेगा या जपानी कंपनीची गोष्ट त्यासाठीच सांगतो.

सेगाचं सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ रोजी यायचं होतं. सॅटर्न म्हणजे शनी, म्हणून मुहूर्तही शनिवारचा! बाहेरचे खेळवाले ती तारीख धरून राबत होते. आणि ११ मे रोजी लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सेगाने सांगून टाकलं, 'यंत्र आजच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर.' सेगाचे स्वतःचे खेळ तयार होते, बाकीच्यांचे अर्धवट. माल मोजक्याच दुकानसाखळ्यांना मिळाला. डावललेल्या केबी टॉईजने सेगाशी व्यवहारच तोडला. त्याच दिवशी प्रतिस्पर्धी सोनी कंपनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, तिच्या प्लेस्टेशन या कन्सोलची किंमत '२९९' एवढंच बोलले आणि खाली उतरले.

त्यात सॅटर्नला हिताचीचे दोन प्रोसेसर. बैल दोन, पण मेमरीकडे जायची वाट एकच. त्यांना एका चालीने हाकणं भल्याभल्यांना जमेना. त्याआधी १९९४च्या नोव्हेंबरात आणलेलं ३२एक्स हे जोडयंत्रही सेगाने १९९६ साली गुंडाळलं. त्यासाठी खेळवाल्यांनी केलेली मेहनत वाया गेली.

मग १९९९ साली ड्रीमकास्ट अमेरिकेत आलं. यंत्र खरोखर चांगलं, खेळ बनवायलाही सोपं. पण फिफा आणि मॅडन हे क्रीडा-खेळ काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यावर एकही खेळ दिला नाही. सेगाच्या अमेरिकी शाखेचे माजी प्रमुख बर्नी स्टोलर यांनी पुढे सांगितलं, की त्या कंपनीला क्रीडा-खेळांची मक्तेदारी हवी होती. असेल. पण अशी अट कुणाला घालता येते? ज्याची गरज मोठी आणि पत लहान, त्यालाच.

समोर होतं प्लेस्टेशन २. अमेरिकेत ड्रीमकास्ट विकायला आलं, त्या दिवशी ते जगात कुठेच विकत मिळत नव्हतं. त्यावर खेळ करणंही महाकठीण. तरी लोक ते शिकले, कारण सोनीच्या पहिल्या यंत्रावर त्यांचे पैसे वसूल झाले होते. पुढे ते यंत्र पंधरा कोटींहून अधिक विकलं गेलं; ड्रीमकास्ट एक कोटीच्या आतच राहिलं.

सेगाने ३१ जानेवारी २००१ रोजी कन्सोलचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्या खेळांचा लाडका नायक सोनिक जुन्या वैऱ्याच्या, निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ करायचा की नाही, हा हिशेब आता सेगालाच मांडावा लागतो.