जोखमीचं काम तिच्या हाती



विज्ञानात किंवा कलेत पाऊल टाकणाऱ्या तरुण मुलींना मार्गदर्शक कसा हवा, हा आजचा विषय आहे. त्यातही मला बोलायचं आहे ते दलित, आदिवासी, भटक्या, मुस्लिम मुलींबद्दल. ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि ज्यांचं आडनाव, बोली, रंग पाहूनच वर्गात त्यांची किंमत ठरून जाते, अशा मुलींबद्दल. मुलींना प्रोत्साहन द्यावं, हे आपण सगळेच म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. मार्गदर्शकाने आपल्या अधिकारातलं खरं, जोखमीचं काम मुलीच्या हाती द्यावं आणि त्या कामाची जबाबदारी तिच्याबरोबर स्वतःही घ्यावी. एवढंच माझं म्हणणं आहे, पण ते मला अगदी ठामपणे मांडायचं आहे.

याचा दाखला आपल्याच हैदराबाद शहरात आहे. १८८५ साली हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये पाच मुलींना प्रवेश मिळाला. त्यांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी होती. स्कूलचे प्रमुख होते रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी. क्लोरोफॉर्मने शस्त्रक्रिया सोपी केली होती, पण भूल देता देता रोगी टेबलावर दगावत. तो श्वास थांबून मरतो की हृदय बंद पडून, यावर इंग्लंड-स्कॉटलंडचे डॉक्टर भांडत होते. लॉरींनी निजाम महबूब अली खान यांच्या पैशावर १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग नेमून हैदराबादेत शेकडो प्रयोग केले. दुसऱ्या आयोगासाठी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रन्टन यांना पाठवलं.

या सगळ्या धामधुमीत रूपाबाई भूल द्यायला शिकल्या. भूल देणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. औषध थेंबाथेंबाने सोडायचं, रोग्याच्या श्वासावरून नजर हलू द्यायची नाही आणि कुठल्या क्षणी थांबायचं ते स्वतः ठरवायचं. सर्जनचं लक्ष जखमेवर असतं, रोग्याचा जीव भूल देणाऱ्याच्या हाती असतो. ज्या काळात घराण्यातल्या बाईने पडद्याबाहेर येणं हीच बातमी होती, त्या काळात लॉरींनी हे काम एका विद्यार्थिनीच्या हाती दिलं. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज रूपाबाईंचं नाव घेतलं जातं. अफझलगंजच्या रुग्णालयात त्यांनी काम केलं. १९०९ मध्ये त्या पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकायला एडिंबरोला गेल्या, कारण भुलीच्या औषधांमागचं शास्त्र त्यांना मुळापासून हवं होतं.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लॉरींचा सिद्धांत चुकला. क्लोरोफॉर्म थेट हृदयाला अपाय करत नाही, श्वास सांभाळला की झालं, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. १९११ च्या सुमारास लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की हलक्या भुलीत हृदयाचे ठोके विस्कटूनही मृत्यू येतो. म्हणजे मार्गदर्शक शास्त्रात चुकू शकतो आणि तरीही शिष्येच्या बाबतीत त्याने केलेलं अचूक ठरू शकतं. 'आम्ही कुठे एवढे विद्वान, आम्ही कुणाला काय मार्गदर्शन करणार' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याच्या उलटही घडतं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. मुलगी म्हणून. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून: वर्षभर नियमित विद्यार्थिनी समजलं जाणार नाही, आणि त्यांच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. नोबेल मिळालेल्या माणसाकडून हे ऐकून घेणं किती जिव्हारी लागलं असेल! वाट दाखवली ती श्रीनिवासय्या या शिक्षकांनी. शिस्तीला कडक, पण दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांचं खरंखुरं संशोधन त्यांनी तिला करू दिलं. वर्षाने रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. पुढे केंब्रिजला कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं आणि १९३९ मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळवली.

आता कमलाबाईंच्या घराकडे पाहा. वडील आणि काका दोघेही त्याच टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. अर्ज कुठे करायचा, नकार आला तर कुणाच्या दारात उभं राहायचं, हे तिला घरातच कळलं होतं. ज्या मुलीच्या घरात हे सांगणारं कुणी नाही, ती पहिल्या नकारालाच परत फिरते. आपल्यापर्यंत तिचं नावही पोचत नाही.

कलेच्या क्षेत्रात आणखी एक पेच आहे. आपल्या सरोजिनी नायडू निजामाच्या शिष्यवृत्तीवर सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तिथे एडमंड गॉस या समीक्षकाने त्यांच्या कविता पाहून सल्ला दिला की इंग्रजी पाखरं आणि इंग्रजी ऋतू सोड, आपल्या मुलखाचं लिही. हैदराबादचे बाजार त्यांच्या कवितेत आले. सल्ला बरोबरच होता. पण गॉसना कवयित्रीकडून हवा होता त्यांच्या मनातला पूर्वेकडचा देश, आणि ती अपेक्षा सरोजिनीबाईंच्या कवितेला पुढे जड गेली, असं मला वाटतं. आज दलित लेखिकेकडून आपण असंच दुःख मागतो, फक्त दुःख. गोगू श्यामला यांच्या तेलुगू कथा वाचा. इंग्रजी अनुवादातही मिळतात. त्यांत मादिगा वाड्यातलं बालपण आहे, तळं आहे, जनावरं आहेत, खेळ आहे, हट्ट आहे. काय लिहायचं ते लेखिका ठरवते, आणि मार्गदर्शकाने तिथे हात आवरायला शिकलं पाहिजे.

जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवते ती इथेच. चौदाएक वर्षांच्या या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त दोन भागांत छापून आला. धर्माच्या ठेकेदारांना तिने सरळ जाब विचारला आहे. आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं आहे. हे तिला कुणी नेमून दिलं नसणार. शिक्षकांनी लेखणी दिली, छापखान्याची वाट दाखवली, आणि पुढची जोखीम मुलीच्या नावावर उभी राहू दिली. तो निबंध इंग्रजी वाचकांपुढे ठेवला सुझी थारू आणि के. ललिता यांनी, १९९१ साली, भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या संग्रहात. ते काम हैदराबादेत झालं, 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास केंद्राच्या भोवतालच्या मंडळींत. मराठी मुलीचं लेखन हैदराबादकर बायकांनी जगापुढे नेलं, याचा मला अभिमान आहे.

आणि मग २२ मे २०१९. जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. त्या दिवशी तिने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आरोपांत असंही होतं की तिला शस्त्रक्रिया आणि बाळंतपणं करू दिली जात नव्हती. निकाल न्यायालय देईल. पण शिकाऊ डॉक्टरच्या हातून काम काढून घेणं म्हणजे तिचं शिक्षणच काढून घेणं, हे समजायला निकालाची गरज नाही.

मंडळी, १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होतं. नांदेड, परभणी, लातूरच्या मुली आजही रात्रीच्या गाडीने इथे येतात, हैदराबाद विद्यापीठात, उस्मानियात, सीसीएमबी या संशोधन संस्थेत. त्यांना खोली मिळते, मेस मिळते. सिनॉप्सिस कधी द्यायचा, फेलोशिप अडकली तर कुणाला गाठायचं, गाइडने तीन महिने भेट दिली नाही तर काय करायचं, हे सांगणारं माणूस मिळत नाही. या सभागृहात निवृत्त शास्त्रज्ञ आहेत, प्राध्यापक आहेत, चित्रकार आहेत, नाटकवाले आहेत. तुम्ही एका मुलीचं पालकत्व घ्या, पण सणाला जेवायला बोलावण्यापुरतं नको. शिफारसपत्र लिहाल तर तिने काय केलं ते नेमकं लिहा. 'कष्टाळू आणि आज्ञाधारक' या दोन शब्दांवर तिला कुठेही प्रवेश मिळणार नाही. नाटक बसवत असाल तर प्रकाशयोजना तिच्याकडे सोपवा. लॅब हाताशी असेल तर सुट्टीत तिला यंत्रावर बसवा, ते बिघडलं तर उत्तर तुम्ही द्या. आणि तिने मोजलेले आकडे तुमच्या शोधनिबंधात येणार असतील, तर निबंधावर तिचं नाव घाला.